नव्या गावात गळ कुठे टाकावा : सोलापूर परिसरातील पाणी शोधण्याची रीत

मी बदलीवर कोल्हापूरहून सोलापुरात आलो तेव्हा मे महिना होता. टेम्पोतून सामान उतरवताना गळकाठ्यांची लांब पिशवी पाहून घरमालकांनी विचारले, "साहेब, हे इथं कशाला? नळाला पाणी पाच दिवसांआड येतंय, मासं कुठनं आणताय?" बाहेर ऊन रणरणत होते आणि येताना ओलांडलेल्या सीनेच्या पात्रात मला वाळू, बाभळी आणि मधोमध एक हिरवट डबके एवढेच दिसले होते, त्यामुळे त्या दिवशी त्यांचे म्हणणे मला पटले. पुढच्या वर्षभरात मात्र ध्यानात आले की इथल्या मासेमारीची गुरुकिल्ली त्यांच्या त्या वाक्यातच होती. सोलापूरचे पाणी पाळीने येते, आणि ज्याला पाण्याची पाळी कळते त्यालाच इथे मासा सापडतो.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. गळाची हौस असलेले अनेक जण काश्मीर किंवा हिमाचलातील तीर्थन खोरे पाहून आलेले असतात आणि नव्या गावी गेल्यावर तसाच खळाळता, थंड ओढा शोधू लागतात. ट्राउट हा मासा आपल्या देशात इंग्रजांनी आणला आणि तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा उंचावरच्या पाण्यातच रुजला, कारण त्याला साधारणपणे वीस अंशांच्या आतले आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात काठाचे उथळ पाणी तीस अंशांच्या पुढे तापते, तेव्हा ट्राउटचा विचार इथे सोडून द्यावा. परंतु ट्राउटच्या मागे जाणारा माणूस नव्या मुलखात जे पाहतो, म्हणजे पाणी किती तापते, त्यात प्राणवायू किती आहे, माशाला आसरा कुठे आहे आणि त्याचे अन्न कुठून येते, तेच सारे रोहू, मृगळ, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प), मरळ, शिंगाळा, वांब आणि चिलापी (तिलापिया) यांच्या बाबतीतही पाहावे लागते. मासे बदलले तरी शोधण्याची रीत तीच राहते.

आधी पाण्याची पाळी समजून घ्यावी

सोलापूर पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यातला मोठा भाग पुष्कळदा सप्टेंबरात, परतीच्या पावसात पडतो. कोल्हापुरात आकाशाकडे पाहून नदीचा अंदाज बांधण्याची सवय लागलेल्या माझ्यासारख्या माणसाची येथे फसगत होते, कारण भीमेचे पाणी सोलापूरच्या आभाळातून येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, तिकडची धरणे भरतात, त्यांचे पाणी दौंडवरून भीमेवरच्या उजनी धरणात येते, आणि सोलापुरात कोरडे ऊन असतानाही उजनी फुगू लागते. म्हणून पावसाळ्यात वर्तमानपत्रात दौंडच्या विसर्गाचा आकडा रोज पाहण्याची सवय प्रथम लावून घ्यावी.

उजनीची टक्केवारी वाचायलाही शिकावे लागते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. बातमीतील टक्के हे मृतसाठ्याच्या वरच्या, उपयुक्त पाण्याचे असतात. "उजनी शून्यावर" असे वाचून नवखा माणूस धरण आटले असे समजतो, प्रत्यक्षात त्या वेळीही निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असते. फक्त काठ कितीतरी आत सरकलेला असतो आणि गेल्या महिन्यात जिथे गळ टाकला होता तिथे कलिंगडाचे वेल दिसू लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे मृतसाठ्यातलेही पाणी वापरले गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरले. एकाच वर्षात काठ इतका हलत असेल, तर उजनीवरची "चांगली जागा" ही कायमची नसते, ती पातळीगणिक वेगळी असते. त्यामुळे जागेची नोंद करताना त्या दिवशीची टक्केवारी लिहिली नाही तर ती नोंद पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरते.

धरणाखालच्या भीमेचे जीवन आवर्तनांवर चालते. शेतीसाठी कालव्यांना पाणी सुटते, सोलापूर शहरासाठी नदीपात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडले जाते, आणि भीमा-सीना जोडबोगद्यातून उजनीचेच पाणी सीनेलाही मिळते. दोन्ही नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरल्यावर त्यांत बर्गे, म्हणजे दारांत बसवायच्या फळ्या, टाकून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी बर्गे काढून घेतात. याचा परिणाम असा की हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात या नद्या म्हणजे बंधाऱ्यांच्या मागे साचलेल्या लांबट डोहांची माळ असते, आणि आवर्तन आले की ही माळ काही दिवसांपुरती पुन्हा वाहती नदी होते. माझ्या वहीत सर्वाधिक चांगले दिवस दोन वेळांचे आहेत : एक म्हणजे नोव्हेंबरात बर्गे टाकून झाल्यावर पाणी स्थिरावते आणि गढूळपणा खाली बसतो तो काळ, आणि दुसरा म्हणजे आवर्तनाचे नवे पाणी डोहात शिरू लागल्यानंतरचे पहिले दोन दिवस. साचलेल्या, तापलेल्या पाण्यात ताजी धार आली की प्राणवायू वाढतो, काठची माती आणि किडे पाण्यात उतरतात, आणि सुस्तावलेला मासा चरू लागतो.

टाकळीच्या नदीकाठी एका वृद्ध मासेमाराने हेच मला एका वाक्यात सांगितले होते. मी सकाळपासून एका जागी बसलो होतो आणि तरंगा हलत नव्हता. ते जाळे झाडत होते. "सर, पाणी चढतंय तवर मासा काठाला येतो. उतराय लागलं की आत सरकतो. तुमी काल यायचं होतं." काठाच्या दगडावर बोटभर उंचीची ओली पट्टी त्यांनी दाखवली, पाणी रात्रीतून तेवढे उतरले होते. तेव्हापासून मी पाण्यावर पोचल्यावर पिशवी उघडण्यापूर्वी एक काडी पाण्याच्या अगदी कडेला रोवतो आणि अर्ध्या तासाने तिच्याकडे पाहतो. पाणी चढत आहे, उतरत आहे की थांबले आहे, एवढे कळले तरी गळ काठालगत टाकायचा की लांब, हा निम्मा प्रश्न सुटतो.

मे महिन्यात रिकामे पात्र पाहावे

नव्या मुलखात आलेल्या माणसाला माझा आग्रहाचा सल्ला असा की पहिला उन्हाळा गळ न टाकता केवळ पाहण्यात घालवावा. फोनवरच्या उपग्रह नकाशावर नदीची वळणे, बंधारे आणि तलाव आधी हेरून ठेवावेत आणि मग पहाटे लवकर निघून, ऊन तापण्यापूर्वी, ती ठिकाणे पायी पाहावीत. पाणी असताना नदी आपले पोट दाखवत नाही. मे महिन्यात ती ते दाखवते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धारेने खोदलेला डोह, कातळाची पायरी, पडलेल्या बाभळीचे खोड, जुन्या विहिरीचा कठडा, बंधाऱ्याच्या खाली पाण्याच्या माऱ्याने पडलेला खड्डा, हे सारे त्या वेळी उघडे असते. त्यांची छायाचित्रे काढावीत, आणि छायाचित्रात काठावरचे एखादे कायमचे खूण-झाड, देऊळ किंवा विजेचा खांब येईल असे पाहावे, म्हणजे नोव्हेंबरात पाणी भरल्यावर त्याच जागेचा अंदाज काठावरून घेता येतो.

उजनीच्या फुगवट्यात तर उन्हाळ्यात जुना मुलूखच वर येतो. जुने रस्ते, बांध, घरांची जोती, आणि इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे मंदिर, ही सारी पाणी घटल्यावर दिसू लागतात. बुडालेल्या बांधांच्या आणि जोत्यांच्या कडेने मासे फिरतात, म्हणून त्यांची दिशा लक्षात ठेवावी. त्या उघड्या गाळात मला प्रथमच एक विलक्षण गोष्ट दिसली. काठालगत एकमेकांशेजारी शेकडो गोल खळगे होते, काही ताटलीएवढे, काही परातीएवढे, जणू कोणी ओल्या चिखलात भांडी उपडी घालून उचलली असावीत. ती चिलापीची घरटी होती. नर तोंडाने आणि शेपटीने गाळ उकरून असा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि नंतर ती अंडी तोंडात घेऊन सांभाळते. जिथे असे खळगे दाट दिसतात, तो सौम्य उताराचा, मऊ तळाचा भाग चिलापीसाठी राखून ठेवावा. पाणी पुन्हा त्या पातळीवर आले की तिथे लहान गळ आणि गांडुळाचा तुकडा पुरतो. उजनीत आज चिलापीचे प्राबल्य आहे, आणि नवख्या माणसाने, विशेषतः मुलांना बरोबर नेणार असेल तर, याच माशापासून सुरुवात करणे उत्तम.

उजनी लांब पडत असेल तर तालुक्यातालुक्यांतील तलाव आणि मध्यम प्रकल्प पाहावेत. शहराच्या उत्तरेला, तुळजापूर रस्त्यालगत एकरुख म्हणजे हिप्परग्याचा तलाव आहे. आदिला नदीवरचा हा तलाव इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये पूर्ण झाला. अक्कलकोटकडे कुरनूर, बार्शी तालुक्यात हिंगणी, मोहोळ तालुक्यात आष्टी आणि करमाळ्यात मांगी येथे मोठे जलाशय आहेत. पाऊस कमी झालेल्या वर्षी यांपैकी काही तलाव तळ गाठतात, आणि एकदा पूर्ण आटलेल्या तलावात पुढची किमान दोन वर्षे मोठ्या माशाची अपेक्षा धरू नये. म्हणून तलावाची चौकशी करताना "मासे आहेत का" यापेक्षा "हा शेवटचा कधी आटला होता" हा प्रश्न आधी विचारावा. शहरातला सिद्धेश्वर तलाव देवस्थानाचा आहे, पंढरपूरची चंद्रभागा वारकऱ्यांची आहे. तिथे गळ घेऊन जाऊ नये. हत्तरसंग-कुडल येथे भीमा आणि सीनेचा संगम आहे, आणि तिथल्या मंदिरात १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. संगम पाहण्यासाठी आणि पाण्याचे दोन रंग एकमेकांत मिसळताना पाहण्यासाठी तिथे अवश्य जावे, पण गळ टाकायचा तर मंदिर आणि घाट यांपासून बराच वरच्या अंगाला जाऊन, गावात विचारून टाकावा.

माणसांकडून पाणी कळते

नकाशा पाहून जेवढे कळते त्याच्या दसपट माणसांकडून कळते. सर्वांत आधी मासळी बाजारात जावे, तेही सकाळी माल उतरत असताना, आणि पहिल्या दिवशी केवळ ग्राहक म्हणून जावे. कोणता मासा ताजा आहे, कोणता बर्फातला आहे, आणि ताज्या माशांत कोणत्या जाती व किती वजनाचे नग आहेत, हे पाहिले की जवळपासच्या पाण्याची प्रकृती समजते. सगळीकडे एकाच मापाचा रोहू-कटला दिसला तर तो बहुधा शेततळ्यातला किंवा बाहेरगावचा असतो. वांब, शिंगाळा, मरळ असे वेगवेगळ्या मापांचे मासे एकत्र दिसले तर ते नदीचे किंवा जुन्या तलावाचे असण्याची शक्यता अधिक. विक्री करणाऱ्या मावशींकडून मासा विकत घ्यावा, साफ करून घेताना त्याच्या पोटात काय निघते ते पाहावे, आणि मग "मावशी, ही मरळ कुठल्या पाण्याची?" असे विचारावे. विकत घेणाऱ्याला उत्तर मिळते, नुसत्या चौकशी करणाऱ्याला मिळत नाही, आणि हे अगदी रास्त आहे, कारण त्या पाण्यावर त्यांचे घर चालते.

नदीकाठी भोई आणि कोळी समाजातील जुनी माणसे भेटतात. त्यांच्याशी बोलताना आपण हौशी आहोत, विकण्यासाठी धरत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. त्यांच्या जाळ्याजवळ गळ टाकू नये, त्यांची होडी बांधलेली असेल तिथून दूर बसावे. मला सर्वांत उपयोगी माहिती देणारे मात्र मासेमार नव्हतेच, ते ऊसवाले शेतकरी होते. नदीवर ज्यांच्या मोटारी आहेत ते रोज सकाळ-संध्याकाळ पाण्यावर येतात. पातळी किती उतरली, फूटव्हॉल्व्ह किती आत सरकवावा लागला, कुठे पाणी खोल आहे, रात्री कुठे मासे उड्या मारतात, हे त्यांना इतर कोणाहून अधिक ठाऊक असते. त्यांच्या बांधावरून जाण्याची परवानगी मागावी, उसाच्या सरीत गाडी घालू नये, आणि एखादा मासा मिळाला तर जाताना विचारून त्यांच्या घरी द्यावा. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडे अनेक घरांत कन्नड बोलली जाते. तिथे "मीनु" हा एक शब्द आणि नमस्कार एवढ्यावरही संभाषण सुरू होते; पुढचे मराठीत आपोआप होते.

परवानगीची बाब टाळून चालणार नाही. जलसंपदा विभागाच्या तलावांतील मासेमारीचा हक्क सामान्यतः ठेक्याने मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना दिलेला असतो. त्या संस्थेने पैसे भरून मत्स्यबीज सोडलेले असते, त्यामुळे "एकच गळ आहे, काय होते" हे म्हणणे योग्य नाही. सोलापुरात मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे जाऊन कोणता तलाव कोणत्या संस्थेकडे आहे हे विचारावे आणि त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटून गळासाठी रीतसर संमती घ्यावी. दक्षिणेकडे भीमा काही अंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरून वाहते, तेव्हा पलीकडच्या काठावर दुसऱ्या राज्याचे नियम लागू होतात, हेही ध्यानात ठेवावे.

पहिला गळ

एवढे झाल्यावर दोन किंवा तीनच जागा निवडाव्यात आणि वर्षभर त्याच धराव्यात. दर रविवारी नवे पाणी शोधणाऱ्याला कोणतेच पाणी कळत नाही. जागेवर पोचल्यावर प्रथम खोली मोजावी. दर हातावर एक गाठ मारलेल्या दोरीच्या टोकाला शिशाचा जड तुकडा बांधून ती टाकली की तळ किती खाली आहे आणि तो कातळाचा आहे की गाळाचा, हे हाताला कळते. कातळावर शिसे टणकन आदळते, गाळात ते अलगद बसते आणि ओढताना चिकटल्यासारखे वाटते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, त्यामुळे तरंग्यापासून गळापर्यंतचे अंतर कोणता मासा हवा यावर ठरवावे. सायप्रिनस तळ उकरतो, तेव्हा स्थिर पाण्यात बारीक बुडबुड्यांची ओळ हळूहळू पुढे सरकताना दिसली तर तिच्या वाटेत पुढे गळ ठेवावा.

चाऱ्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. शेंगदाण्याची पेंड आणि कणिक सारख्या प्रमाणात मळून, हाताला न चिकटेल इतपत घट्ट केलेला गोळा रोहू आणि मृगळ यांना चालतो. सायप्रिनससाठी मी रात्रभर भिजवून मऊ शिजवलेली ज्वारी वापरतो, आणि गळ टाकण्याआधी तिचीच एक मूठ त्या जागी टाकून ठेवतो. मरळ वनस्पतींच्या आडोशाला उथळ पाण्यात दबा धरून असते. तिच्यासाठी रबरी बेडूक पानांवरून हळू ओढत आणावा.

पाण्यावरच्या खुणा वाचताना एक चूक जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस करतो आणि मीही ती केली आहे. हिरव्यागार, शेवाळलेल्या तलावात पहाटे शेकडो मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसतात. ते पाहून हर्ष होतो, पण गळाला एकही लागत नाही. ते मासे चरत नसतात, त्यांची घुसमट होत असते. शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री तोच वापरते, म्हणून सूर्योदयाच्या आधी अशा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा तलावावर सकाळी नऊनंतर जावे, आणि रोजच असे होत असेल किंवा सांडपाण्याचा वास येत असेल तर ते पाणी सोडूनच द्यावे. याउलट वाहत्या, निवळ पाण्यावर उन्हाळ्यात पहाटेची वेळच योग्य असते. पाणकावळे बुड्या मारत असतील, कवड्या खंड्या एकाच जागेवर पुनःपुन्हा घिरट्या घालत असेल, तर तिथे लहान मासळी आहे, आणि तिच्या मागे मोठा मासा असतो.

जिवाची काळजी

या भागाची उपेक्षा करू नये. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये उजनीच्या काठावर, वरून भेगाळलेला आणि पांढरा पडलेला गाळ पाहून मी सरळ पाण्याच्या दिशेने चालत गेलो. वीस पावलांवर वरचा पापुद्रा फुटला आणि मी गुडघ्याच्या वर आत गेलो. पाय उपसायला गेलो की दुसरा पाय आणखी खाली जात होता. दूरवर गाळपेरीला पाणी देणाऱ्या एका काकांनी ओरडून मला हलू नका म्हणून सांगितले, मग फळी आणि दोरी आणून मला आडवे झोपायला लावून बाहेर ओढले. त्यांनी तिथली वाट नंतर दाखवली. ती गुरांच्या खुरांची होती. तेव्हा गाळावर चालायचे तर जिथून गुरे पाण्याला जातात तिथूनच जावे, आणि एकट्याने जाऊ नये.

नदीपात्रात वाळू उपशाचे खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून चालताना एका पावलात डोक्यावर पाणी येऊ शकते, म्हणून पाण्यात उतरण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. काठावर शेतीच्या मोटारींच्या वायरी पाण्यातून गेलेल्या असतात, आणि त्यांतली एखादी सोललेली असू शकते. त्यांच्या जवळ ओल्या हातांनी बसू नये. आजकालच्या कार्बनच्या गळकाठीतून वीज वाहते, त्यामुळे उच्चदाबाच्या तारांखाली काठी उभी धरणे जिवावर बेतू शकते. जागा निवडताना वर पाहण्याची सवय लावावी. धरणातून विसर्ग वाढणार असल्याची सूचना आली की नदी सोडावी. सीनेला शांत नदी समजणाऱ्यांनी २०२५ च्या सप्टेंबरातला तिचा पूर आठवावा. माढा आणि मोहोळ तालुक्यांतील गावांत पाणी शिरले होते.

काय ठेवावे, काय सोडावे

जूनच्या पहिल्या मोठ्या पाण्यात मासे धारेविरुद्ध वर चढतात, आणि बंधाऱ्यांखाली, ओढ्यांच्या तोंडाशी गर्दी करतात. हे चढणीचे मासे गाभोळीने भरलेले असतात. त्या आठवड्यांत ते काठीनेसुद्धा मारता येतात, आणि अनेक जण मारतातही. मी त्या काळात गळ घरी ठेवतो आणि इतरांनाही तशी विनंती करतो, कारण त्या एका मादीच्या पोटात पुढच्या अनेक वर्षांचे मासे भरलेले असतात. गळाला चुकून कासव लागले तर ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) जवळून कापून, गळ जपून काढून ते लगेच पाण्यात सोडावे. आफ्रिकन मांगूर मिळाला तर मात्र तो परत पाण्यात सोडू नये. त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो स्थानिक मासे फस्त करतो.

मरळीविषयी एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. गेल्या जुलैत एका बंधाऱ्याच्या वर, पाणवनस्पतींच्या कडेला, पाण्यावर नारळाएवढा तांबूस ठिपका हलताना दिसला. जवळ जाऊन पाहिले तर ती मरळीची पिल्ले होती, माचिसच्या काडीएवढी, शेकडो, एकत्र वर येऊन श्वास घेणारी आणि एकदमच खाली जाणारी. ती खाली गेली की त्यांच्याखालून एक काळी पाठ संथपणे वळून जायची. मरळीची जोडी पिल्लांची अशी राखण करते, आणि त्या वेळी पिल्लांच्या जवळून काहीही गेले तरी ती त्यावर झेप घेते, त्यामुळे तिला तेव्हा धरणे अत्यंत सोपे असते. आई-बाप गेले की तो तांबूस ठिपका दोन दिवसांत बगळे आणि इतर मासे संपवतात. अशी जागा दिसली की गळ गुंडाळावा, वहीत तारीख आणि काठावरची खूण लिहावी, आणि दिवाळी झाल्यावर, बर्गे टाकून पाणी निवळले की रबरी बेडूक घेऊन तिथे परत जावे.